पेडलमधली घूं घूं आणि घरचा नऊ व्होल्ट

गेल्या अंकात या पानावर मी एवढंच लिहिलं होतं की गिटारच्या पेडलना (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यांना) लागणारा ९ व्होल्टचा सप्लाय घरी बनवता येतो, ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), कंडेन्सर आणि ७८०९ (व्होल्ट ९ वर बांधून ठेवणारी आयसी) एवढ्या सामानात. त्यावर एवढे मेसेज आले की मीच चाट पडलो, सांगली-साताऱ्याकडे इतके गिटारवाले आहेत हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं आपल्याकडं ढोल आणि हार्मोनियम. त्यातल्या निम्म्यांची तक्रार एकच, सप्लाय झाला पण घूं असा आवाज येतोय. म्हणून या महिन्यात दुसरा विषय नाही, इन्व्हर्टरवाल्यांनी आणि मिक्सरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): काका, तुमचं वाचून मी सप्लाय केला. ९ व्होल्ट पाहिजेत म्हणून ०-९ व्होल्ट ५०० एमएचा (मिलिअँपिअरचा) ट्रान्सफॉर्मर आणला, ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ७८०९ लावली. मीटरवर ९.०२ येतंय. नुसतं ओव्हरड्राइव्ह पेडल लावलं की एकदम शांत, पण डिले आणि मल्टिइफेक्ट ही पेडल लावली की घूं सुरू. दुकानदार म्हणतो ७८०९ डुप्लिकेट आहे. तीन बदलल्या, तिन्हींना तोच आवाज.

उत्तर: दुकानदाराला सोड आणि त्या बिचाऱ्या ७८०९ ला पण सोड. तुझा घोळ तुझ्याच वाक्यात आहे, "९ पाहिजेत म्हणून ९ चा". हे तू एकट्याने नाही केलेलं, आलेल्या मेसेजपैकी बऱ्याच जणांनी हेच केलंय, आणि चूक माझी पण आहे, मी ट्रान्सफॉर्मर कितीचा ते नीट लिहायला पाहिजे होतं.

७८०९ वरचं जास्तीचं कापते, कमी पडलेलं भरून देत नाही. ९ बाहेर द्यायला तिला आत कमीत कमी ११ लागतात, आणि सरासरी ११ असून भागत नाही, प्रत्येक क्षणाला ११ पाहिजेत. आता हिशोब बघ. ९ व्होल्ट एसीचं टोक म्हणजे ९ गुणिले १.४१, झाले १२.७. ब्रिजमधले दोन डायोड १.४ खातात, राहिले ११.३. म्हणजे टोकालाच तू काठावर. आणि कंडेन्सर दोन टोकांच्या मध्ये रिकामा होत जातो. आपली लाईट ५० हर्ट्झची, ब्रिजनंतर सेकंदाला १०० टोकं येतात. तुझ्या डिलेचे ७० एमए आणि मल्टिइफेक्टचे ३०० धरले तर ३७० एमए, १००० चा कंडेन्सर दोन टोकांमध्ये साध्या हिशोबाने ३.७ व्होल्ट खाली येतो, प्रत्यक्षात थोडं कमी पण फार कमी नाही. म्हणजे ७८०९ च्या पोटात सेकंदाला १०० वेळा ८ च्या आसपास व्होल्ट असतात, तेवढ्यापुरते बाहेरचे ९ पण खचतात, आणि ते खचणं तू अॅम्पमधून ऐकतोयस. नुसत्या ओव्हरड्राइव्हला जेमतेम ८-१० एमए लागतात, तेवढ्यात कंडेन्सर हलत पण नाही, म्हणून तिथं शांत.

मग मीटर ९.०२ कसं दाखवतं? एकतर तू बहुतेक काही न जोडता मोजलंयस, आणि जोडून मोजलं तरी डीसी रेंजला मीटर सरासरी दाखवतो, सेकंदाला १०० वेळा काय होतंय ते त्याला दिसत नाही. तो पिवळा स्वस्तातला मीटर असेल तर त्याची एसी रेंज २०० व्होल्टपासूनच सुरू होते, त्यात एवढ्याशा व्होल्टची घूं कुठली सापडणार. त्यापेक्षा तुझे कान बरे. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी वाजव, तो ९८ हर्ट्झ. घूं त्याच्या अगदी जवळ, किंचित वर लागत असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे ब्रिजनंतरचं दुखणं, तुझ्यासारखं. आणि त्याहून एक सप्तक खाली, पोटात गुरगुरल्यासारखी असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे ग्राउंडचा फेरा (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्यावर बनणारं कडं) किंवा ट्रान्सफॉर्मरच गिटारच्या पिकअपजवळ नाहीतर वाह पेडलच्या कॉइलजवळ ठेवलाय. हे मोजमाप शंभर टक्के नाही, ग्राउंडच्या घूंमध्ये वरचे सूर पण मिसळलेले असतात, पण मी स्कोप (व्होल्टचा आलेख दाखवणारं यंत्र) चालू करायच्या आधी अजूनही हेच करतो.

आता उपाय. ०-१२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आण. ५०० एमएचा नको, कारण ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा एसीचा असतो, ब्रिज आणि कंडेन्सर लावल्यावर डीसी त्याच्या साधारण ०.६ पटच घ्यायचा, म्हणजे तुझ्या ५०० वाल्यातून ३०० एमएच घेणं बरोबर, आणि तू ३७० ओढत होतास. १२ चं टोक जातं १७ ला, ब्रिजनंतर साडेपंधरा. कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरडचा, ३५ व्होल्टचा घे. २२०० पण चालला असता, पण आपल्याकडं उन्हाळ्यात शेतातल्या मोटरी चालू झाल्या की २३० चे १९० होतात ते धरून चालायचं. १९० ला तुझं टोक साडेबारावर येतं, २२०० असेल तर दोन टोकांमधली दरी ११ च्या खाली जाते आणि नेमकी संध्याकाळी प्रॅक्टिसच्या वेळी घूं परत, ४७०० ला पावणेबाराच्या आसपास राहते.

म्हणून कुणी म्हणेल मग १५ चाच ट्रान्सफॉर्मर घेऊ, कटकट नको. तसं पण नको. जास्तीचे सगळे व्होल्ट ७८०९ उष्णता करून फेकते. १२ वाल्यात ३७० एमएला दोनेक वॅट होतात, १५ वाल्यात चारच्या आसपास जातात. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी अॅल्युमिनियमची पट्टी) नसेल तर ही आयसी दर वॅटला पन्नास-साठ अंशांनी तापते, दोन वॅटलाच ती स्वतःला बंद करून घेते, आणि मग ऐन गाण्यात पेडल झोपतात. हीटसिंक लाव, दोन्ही बाजूंना ०.३३ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे छोटे कंडेन्सर आयसीच्या पायाजवळच लाव, आणि त्या तीन ७८०९ ठेव, पुढं लागतील.

प्रश्न (कराड): सर, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय त्यामुळे बेसिक सांगू नका. वाइंडिंगवाल्याकडून चार वेगळ्या १२ व्होल्टच्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर करून घेतला. प्रत्येकाला वेगळा ब्रिज, वेगळा कंडेन्सर, वेगळी ७८०९. पूर्ण आयसोलेटेड. तरी डिजिटल डिलेचा बारीक चीं आवाज फझ पेडलमधून येतोच. मग वेगळ्या वाइंडिंगचा फायदा काय?

उत्तर: बेसिक नाही सांगत, एकच विचारतो. चारही ७८०९ हीटसिंकवर कशा बसवल्यात? एकाच अॅल्युमिनियमच्या पट्टीवर, स्क्रू मारून, मध्ये काही न घालता, हो ना?

७८०९ ची पाठ म्हणजे ग्राउंड. चारही पाठी एका पट्टीला लागल्या म्हणजे चारही ग्राउंड एक झाले, वाइंडिंगवाल्याला दिलेले पैसे त्या पट्टीत गेले. ट्रान्सफॉर्मर आयसोलेटेड, ब्रिज आयसोलेटेड, आणि शेवटच्या स्क्रूला सगळं एकत्र. हे मी पण केलंय एकदा, दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी सगळं खोलल्यावर हसू आलं. प्रत्येक आयसीच्या खाली मायका (वीज अडवणारी अभ्रकाची पातळ चकती) आणि स्क्रूला नायलॉनचा बुश घाल, टीव्ही रिपेअरवाल्यांकडे हे सुटं मिळतं, दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्ट. मग प्लग काढून, पेडल आणि पॅच केबल (पेडल एकमेकांना जोडणाऱ्या वायरी) सगळं काढून, मीटर बझरवर ठेवून एका आउटपुटच्या निगेटिव्हपासून दुसऱ्याच्या निगेटिव्हपर्यंत तपास, बझर वाजता कामा नये. पॅच केबल लावून तपासलंस तर वाजणारच, कारण केबलच्या जाळीतून पेडलची ग्राउंड जोडलेलीच असतात, आणि तिथं जोडलेलीच पाहिजेत. आपल्याला फक्त दुसरी, सप्लायमधून जाणारी वाट तोडायची असते. वाट एकच राहिली की डिलेच्या आतल्या डिजिटल घड्याळाचा (क्लॉकचा) करंट फझच्या ग्राउंडमधून हिंडत नाही.

कुणी ७८०९ ऐवजी ३१७ लावत असेल तर आणखी जपून, तिची पाठ ग्राउंड नाही, आउटपुट आहे. अर्थ केलेल्या पत्र्याला मायकाशिवाय लावली आणि आउटपुटचं निगेटिव्ह अॅम्पमधून अर्थला पोचलं की सरळ शॉर्ट. ३१७ ला ९ व्होल्टसाठी २४० ओहम आणि दीड किलोओहम लावा, ९.१ च्या आसपास येतं, तेवढं चालतं.

अजून एक जागा बघ. डीसी सॉकेट धातूच्या बॉडीचे आहेत का? पेडलच्या पिनमध्ये आत निगेटिव्ह आणि बाहेरच्या नळीला पॉझिटिव्ह असतं, म्हणजे धातूचं सॉकेट पत्र्याच्या बॉक्सला कसलं की चारही पॉझिटिव्ह बॉक्सला. प्लॅस्टिकचेच सॉकेट वापर. हे उलटं का ठेवलंय असं पोरं नेहमी विचारतात. पिन घातली की आतला सेल आपोआप सुटावा म्हणून सॉकेटमध्ये जो स्विच असतो तो बाहेरच्या नळीच्या बाजूला असतो, आणि तोडायचं असतं सेलचं पॉझिटिव्ह, कारण सेलचं निगेटिव्ह गिटारच्या जॅकवरून चालू-बंद होतं. म्हणून बाहेर पॉझिटिव्ह, आत निगेटिव्ह. बॉससारख्या कंपन्यांनी ते ठेवलं आणि बाकीचे बहुतेक सगळे त्याच वाटेनं गेले.

आणि तुझं फझ जुन्या पद्धतीचं, पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टरवालं असेल तर त्यात पॉझिटिव्ह ग्राउंड असतं. ते चुकूनही इतरांबरोबर एका वायरीवर लावू नकोस. त्याला खरोखर सुटा आउटपुट लागतो, आणि तो तुझ्याकडे आता मायका घातल्यावर असेल.

प्रश्न (वाळवा): चार वाइंडिंग परवडत नाही. एकाच ७८०९ वर पाच पेडल लावली तर?

उत्तर: लावा. पाचही साधी असतील, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस वगैरे, तर काही होत नाही, एका वायरीवर माळ करून वर्षानुवर्षं लोक वाजवतायत. डिजिटल एखादंच असेल तर माळेतल्या साध्या पेडलच्या पॉझिटिव्हमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावा, १० एमएला एकच व्होल्ट जातो, ओव्हरड्राइव्हला तेवढं कळत पण नाही. डिजिटल पेडलला मात्र हा रेझिस्टर लावायचा नाही, ३०० एमएला १०० ओहमवर ३० व्होल्ट पडायला पाहिजेत, आणि तुमच्याकडे आहेत ९.

प्रश्न (विटा): भाऊ, मला यातलं काही कळत नाही पण मुलगा अकरावीत आहे आणि तुमचं पान वाचून घरात वायरी पसरून बसलाय. प्लगमध्ये घालायचं असतं म्हणतोय. मला भीती वाटते. करू देऊ की नको?

उत्तर: ताई, तुमची भीती बरोबर आहे, आणि तुमचं पत्र मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याला करू द्या, पण प्लगच्या बाजूचं काम आत्ता नको. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात आणि तिथं चूक एकदाच करायला मिळते. दुसऱ्या बाजूला १२ असतात, तिथं चुकला तर फार तर बोट भाजेल नाहीतर कंडेन्सर फुटून दचकेल.

त्याला म्हणावं पहिला सप्लाय तयार बंद अॅडॉप्टरवर कर. १२ व्होल्ट डीसी, १ अँपिअरचा चांगला अॅडॉप्टर घ्यायचा, न उघडता, त्याची पिन याच्या बॉक्समध्ये जाईल आणि आत ७८०९. १२ मधून ९ काढायला ३ व्होल्टची जागा मिळते, तेवढी पुरते. अशा अॅडॉप्टरचा एखादा बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो, आल्यास ७८०९ च्या आधी एक छोटी कॉइल आणि ४७० मायक्रोफॅरड टाकायचा, बराचसा जातो. सोल्डरिंग, पोलॅरिटी, हीटसिंक सगळं शिकून होतं आणि तुम्ही रात्री झोपाल.

पुढं ट्रान्सफॉर्मरवर जायचंच असेल तर घरात एखादा वायरमन मामा-काका असेल त्याच्यासमोर. तीन पिनचा प्लग, हिरवी वायर लोखंडी बॉक्सला स्क्रूने कसलेली, फेजमध्ये २५० एमएचा फ्यूज, प्रत्येक जोडावर स्लीव्ह, आणि वायर ओढली तरी आतले जोड निघणार नाहीत असं वायर घट्ट पकडणारं ग्लँड. पहिल्यांदा चालू करताना थेट बोर्डात नाही, वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, त्यात ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब. सगळं बरोबर असेल तर बल्ब लागत नाही, आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही वाचतात. घरच्या मेन बोर्डात ३० एमएचा आरसीसीबी (अर्थला गळती झाली की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर तो मुलाच्या गिटारच्या आधी बसवून घ्या, हे पेडलपुरतं नाही सांगत, गिझरसाठी पण सांगतोय.

आणि बारावीचं वर्ष यायच्या आत सप्लाय पूर्ण कर म्हणावं, अर्धवट ठेवलेले बॉक्स मी फार पाहिलेत, माझ्याच माळ्यावर तीन आहेत.

प्रश्न (सातारा): दादा, आमच्याकडं पेडल म्हटलं की लोकांना कंदी पेढे ऐकू येतात, ते असो. मी घाईत डिस्टॉर्शनला कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर लावला. वास आला. आता बरोबर अॅडॉप्टर लावला तरी लाईट लागत नाही आणि अॅडॉप्टर टिक टिक करतो. गेलं का?

उत्तर: बहुतेक नाही गेलं. कॅमेऱ्याचे, राउटरचे अॅडॉप्टर आत पॉझिटिव्हवाले असतात, म्हणजे तू उलटं दिलंस. बऱ्याच पेडलमध्ये सॉकेटच्या जवळ सप्लायला समांतर एक डायोड असतो, उलटं दिलं की तो सगळा करंट स्वतःवर घेतो आणि स्वतः शॉर्ट होऊन मरतो, बाकीचं सर्किट वाचतं. वास त्याचाच. काळा, एका टोकाला पांढरा पट्टा. काढून टाक, ४००१ नाहीतर ४००७ लाव, पांढरा पट्टा पॉझिटिव्हकडे. नवीन लावायच्या आधीच पेडल चालू झालं तर हुरळून तसंच ठेवू नकोस, पुढच्या वेळी मरायला डायोड नसेल. आत ७६६० जातीची आयसी असेल आणि डायोड बदलूनही काही होत नसेल तर ती बघ, तिला १० व्होल्टच्या वर सोसत नाही. आणि त्या कॅमेऱ्याच्या अॅडॉप्टरला लाल टेप गुंडाळ.

प्रश्न (तासगाव): आमचा ऑर्केस्ट्रा आहे, जत्रा, गणपती, लग्नं. जनरेटरवर गेलो की घूं येते, मग साउंडवाला अॅम्पची तिसरी पिन काढून टाकतो, घूं जाते. पण परवा गाताना माइकला ओठ लागला आणि असा झटका बसला की शब्दच विसरलो. पॉवर बँकवर पेडल चालवली तर सुटका होईल का?

उत्तर: आधी ती पिन परत लावा. पेडलचं नंतर. अॅम्पची अर्थ काढली की अॅम्पच्या आतून जी थोडी गळती असते तिला जायला जागा राहत नाही, ती गिटारच्या तारांवर येऊन बसते. तुमचा हात तारेवर, ओठ माइकवर, माइक दुसऱ्या अर्थवर, मधली वायर तुम्ही. परवा झटकाच होता. अॅम्पचं इन्सुलेशन खराब झालं असतं तर थेट फेज. साउंडवाला किती पण जुना असू दे, तिसरी पिन काढणाऱ्याला मी साउंडवाला म्हणत नाही. मिक्सर, अॅम्प, मॉनिटर सगळं एकाच बोर्डावरून घ्या म्हणजे ग्राउंडचा फेरा छोटा होतो, जनरेटरला अर्थचा रॉड जमिनीत ठोकलाय का ते स्वतः बघा, आणि तरी घूं राहिली तर सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावा. घूं घालवायची ती सिग्नलच्या वायरीत, अर्थच्या नाही.

पॉवर बँक मला आवडत नाही. ५ व्होल्टचे ९ करायला बूस्ट मॉड्यूल लागतं, त्याची चिवचिव येते, आणि साधी दोन पेडल असली की करंट इतका कमी की बऱ्याच पॉवर बँक काही लावलेलंच नाही असं समजून बंद होतात, तेही गाण्याच्या मध्ये. त्यापेक्षा यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या, तिच्या पॉझिटिव्हला चिकटूनच १ अँपिअरचा फ्यूज, मग ७८०९ आणि पेडल. ४०० एमएला रात्रभराचा कार्यक्रम होऊन उरते, आणि जनरेटरचा पेडलशी संबंधच नाही. फ्यूज विसरू नका, ती बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल करते. वाजवताना चार्जर लावायचा नाही, नाहीतर घूं चार्जरच्या वाटेनं परत येईल आणि तुम्ही मला परत मेसेज कराल.

प्रश्न (मिरज): आमच्या घरी सतार आहे, तिला चिकटवायचा पिकअप आणि ९ व्होल्टच्या सेलवरचा छोटा प्रीअॅम्प लावलाय. तुमचा सप्लाय यासाठी करू का? सेल सारखा संपतोय.

उत्तर: नका करू. सतार-तंबोऱ्याच्या गावातून पत्र आलं म्हणून बरं वाटलं, पण तुम्हाला यातलं काहीच लागत नाही. असा प्रीअॅम्प साधारण एक एमए घेतो, चांगला अल्कलाइन सेल त्यावर चार-पाचशे तास चालायला पाहिजे, रोज दोन तास रियाज केला तरी सहा महिन्यांच्या वर. तो लवकर संपतोय कारण वाजवून झाल्यावर जॅक तसाच राहतोय. अशा बऱ्याच प्रीअॅम्पना वेगळा स्विच नसतो, जॅक घातला की चालू, काढला की बंद. सतार गवसणीत घालायच्या आधी वायर काढून ठेवत जा.